मानमंदिरावरील मोठी यंत्रे

बारीक काम करणाऱ्या माणसाची एक जुनी तक्रार आहे. समोरचे दिसावयास हवे तितके स्पष्ट दिसत नाही, ही ती तक्रार. नकाशे काढणारा मोठे मेज मागतो, जमाखर्च लिहिणारा मोठ्या रकान्यांची वही मागतो, आणि आजच्या कचेरीत संगणकापुढे दिवस घालविणारा मनुष्य जुना लहान पडदा बाजूस सारून त्याच्या जागी मोठा पडदा आणून ठेवतो. मोठ्या पडद्यावर दोन कागद शेजारी-शेजारी मांडता येतात, आकडे डोळे न ताणता वाचता येतात, आणि आता आपले काम अधिक बिनचूक होईल असा भरवसा वाटू लागतो. हा भरवसा कितपत खरा असतो? साधन मोठे केले म्हणजे दृष्टी सूक्ष्म होते काय? हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. अठराव्या शतकात भारतातील एका राजाने तो दगडाचुन्यात बांधून विचारला, आणि त्याचे एक उत्तर आजही काशीस, गंगेच्या काठी, एका जुन्या वाड्याच्या गच्चीवर उभे आहे.

काशीयात्रा केलेल्या मराठी माणसाला दशाश्वमेध घाटाची ओळख करून देण्याचे कारण नाही. तो घाट 1748 मध्ये नानासाहेब पेशव्यांनी पक्का बांधविला. तेथून उत्तरेकडे थोडी पावले चालले की मानमंदिर घाट लागतो. घाटावरून वर पाहिले म्हणजे कोरीव दगडी गवाक्ष असलेला एक भारदस्त वाडा दिसतो. अंबरचा राजा मानसिंह याने तो 1600 च्या सुमारास बांधला. त्याच वाड्याच्या गच्चीवर, त्याच घराण्यातील सवाई जयसिंहाने 1737 च्या सुमारास एक वेधशाळा उभारली. खाली स्नान-दान, श्राद्ध-तर्पण चाललेले असते. आणि ज्या तिथीस व ज्या घटकेस ते करावयाचे, ती तिथी व ती घटका आकाशाशी ताडून पाहण्याची सोय वर गच्चीवर केलेली असते. क्षेत्रस्थानी वेधशाळा बांधण्यातील औचित्य यावरून सहज ध्यानात यावे.

सवाई जयसिंह 1688 मध्ये जन्मला आणि वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच गादीवर आला. राजकारणात त्याचे नाव मराठ्यांच्या इतिहासात वारंवार येते. परंतु त्याच्या मनाची खरी ओढ ज्योतिषाकडे होती. पंचांगे आणि कोष्टके यांवरून ग्रहणाची जी वेळ निघते, ती आणि प्रत्यक्ष ग्रहण लागण्याची वेळ यांत फरक पडतो. चंद्रदर्शन सांगितल्याप्रमाणे होत नाही. ग्रह गणिताने दाखविलेल्या जागी सापडत नाहीत, हे त्याच्या लक्षात आले. धर्मकृत्ये आणि राज्यकारभार ही दोन्ही कालगणनेवर उभी असल्यामुळे हा फरक म्हणजे केवळ पंडितांच्या वादाचा विषय नव्हता. जयसिंहाने ही गोष्ट बादशहा मुहंमदशहाच्या कानी घातली, आणि त्याच्या अनुमतीने 1724 च्या सुमारास दिल्लीस पहिली वेधशाळा उभी राहिली. या वेधांतून तयार झालेल्या कोष्टकांच्या ग्रंथाला बादशहाचेच नाव देण्यात आले. ‘झीज-ए-मुहंमदशाही’ तो हाच.

या ग्रंथाच्या प्रस्तावनेत जयसिंहाचा प्रवास मोठ्या प्रांजळपणे नोंदलेला आहे. आरंभी त्याने समरकंदच्या उलुघबेगाच्या परंपरेला अनुसरून पितळेची यंत्रे करविली. त्यांतील एक कडीयंत्र तीन गज व्यासाचे होते. तथापि या यंत्रांनी त्याचे समाधान झाले नाही. ती आकाराने लहान पडत. त्यांवर अंशांचे कलांमध्ये विभाग पाडावयास पुरेशी जागा नसे. वापराने त्यांचे आस झिजत आणि हलू लागत. वर्तुळांचे मध्य सरकत आणि त्यांची पातळी ढळे. म्हणजे तक्रारी दोन प्रकारच्या होत्या: एक आकाराची आणि दुसरी स्थैर्याची. या दोहोंवर त्याने एकच उपाय योजला. धातू सोडून त्याने दगड व चुना हाती घेतला, आणि यंत्र इतके मोठे केले की ते यंत्र राहिले नाही, तर इमारत झाली.

आकार वाढविल्याने काय साधते, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. वर्तुळाचे 360 अंश आणि प्रत्येक अंशाच्या 60 कला. तीन गज व्यासाच्या कड्यावर एका कलेच्या वाट्याला अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी जागा येते. एवढ्या जागेत रेघ ओढावयाची तरी कशी, आणि ओढली तरी ती वाचावयाची कशी? दिल्लीच्या सम्राटयंत्राची त्रिज्या जयसिंहाने 18 गज, म्हणजे जवळजवळ 50 फूट ठेवली. तेथे एका कलेला दीड जवाएवढी जागा मिळाली, असे तो स्वतः सांगतो. आजच्या मापाने हे अंतर चार मिलिमीटरांहून थोडे अधिक भरते. जे पूर्वी अंदाजाने सांगावे लागे, ते आता बोट ठेवून दाखविता येऊ लागले.

दिल्लीमागून जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जयिनी येथे वेधशाळा झाल्या. एकाच ठिकाणचे वेध फसवे ठरू नयेत, म्हणून निरनिराळ्या स्थळांहून ते पडताळून पाहावे, हा त्यामागील हेतू होता. काशीची निवड या कामी स्वाभाविकच होती. तेथे ज्योतिषाचा अभ्यास करणारी घराणी पूर्वापार नांदत होती, आणि त्यांतील कित्येकांचे मूळ गोदावरीच्या काठी किंवा विदर्भात होते. गोदाकाठच्या गोलग्राम येथील घराण्यातील कमलाकर याने आपला ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ हा ग्रंथ 1658 मध्ये काशीतच लिहिला, आणि उलुघबेगाच्या ज्योतिषाचा परिचय त्याला होता. जयसिंहाच्या पदरी असलेला पंडित जगन्नाथ हाही महाराष्ट्रीय ब्राह्मण होता. संस्कृतात पारंगत असूनही त्याने अरबी व फारसी भाषांचा अभ्यास केला. युक्लिडच्या भूमितीचे ‘रेखागणित’ या नावाने संस्कृत रूपांतर केले. आणि टॉलेमीच्या ग्रंथाचे अरबीवरून ‘सिद्धान्तसम्राट’ या नावाने भाषांतर 1732 च्या सुमारास सिद्ध केले. या ग्रंथात त्याने यंत्रांचेही वर्णन दिले आहे. परकीयांची विद्या आपल्या भाषेत आणल्याने आपली विद्या बाटते, असे त्याला वाटले नाही, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मानमंदिराच्या गच्चीवर गेल्यावर प्रथम नजरेत भरते ते सम्राटयंत्र. त्याची रचना दिसावयास सोपी आहे. उत्तर-दक्षिण दिशेत एक जाड भिंत उभी आहे आणि तिची वरची कड उत्तरेकडे चढत गेली आहे. ही कड क्षितिजाशी जो कोन करते तो काशीच्या अक्षांशाएवढा, म्हणजे सव्वापंचवीस अंशांच्या किंचित वर आहे. त्यामुळे ती कड पृथ्वीच्या आसाला समांतर होऊन ध्रुवाकडे रोखलेली असते. भिंतीच्या पूर्वेस व पश्चिमेस वर्तुळाच्या चतुर्थांशाएवढ्या दोन कमानी आहेत आणि त्यांच्या कडांवर घटी-पळांचे व अंशांचे विभाग कोरलेले आहेत. सकाळी भिंतीच्या कडेची सावली पश्चिमेकडील कमानीवर पडते, माध्यान्ही ती पायथ्याशी येते, आणि दुपारी पूर्वेकडील कमानीवर चढू लागते. सावली ज्या रेघेवर असेल ती रेघ म्हणजे माध्यान्हापासूनचा काळ. याच गच्चीवर लहान सम्राटयंत्र आहे; सूर्याची माध्यान्हकालची उंची मोजणारे दक्षिणोत्तर भित्तियंत्र आहे; दिशांचे अंश दाखविणारे दिगंशयंत्र आहे; विषुववृत्ताच्या पातळीत बसविलेले नाडीवलय आहे; आणि धातूच्या वर्तुळाचे चक्रयंत्रही आहे.

परंतु काशीचे सम्राटयंत्र दिल्ली-जयपूरच्या मानाने लहान आहे. त्याच्या कमानींची त्रिज्या सुमारे 9 फूट आहे. जयपूरची सुमारे 50 फूट. वाडा आधीचा, वेधशाळा मागाहूनची. जुन्या इमारतीच्या गच्चीवर चढविता येणाऱ्या बोजाला मर्यादा असणार, हे उघड आहे. मोठे साधन आणावयाचे तर आधी ते ठेवावयाची जागा पाहावी लागते. जयपुरास सावली एका पळात, म्हणजे 24 सेकंदांत, सुमारे अडीच सेंटिमीटर सरकते. काशीस तेवढ्याच वेळात अर्धा सेंटिमीटर. म्हणजे काशीचे यंत्र जयसिंहाने टाकून दिलेल्या पितळी कड्याच्या जेमतेम सव्वादोनपट मोठे ठरते. येथे खरा लाभ झाला तो आकारापेक्षा स्थैर्याचा. दगडाची भिंत झिजत नाही, तिचा मध्य सरकत नाही, आणि काल जेथे रेघ होती तेथेच ती आज सापडते. एकच वेध वर्षामागून वर्ष घेऊन त्यांची तुलना करावयाची, तर याहून मोठी सोय दुसरी नाही.

या स्थैर्याचे फळही मिळाले. सूर्याचा मार्ग विषुववृत्ताशी किती कोन करतो, हे भित्तियंत्रावर माध्यान्हीच्या सूर्याची वर्षातील सर्वांत अधिक व सर्वांत कमी उंची मोजून काढता येते. आपल्या जुन्या सिद्धान्तग्रंथांत हा कोन 24 अंश धरलेला आहे. जयसिंहाच्या पंडितांनी तो 23 अंश 28 कला ठरविला. आजच्या गणिताने त्या काळचा हा कोन 23 अंश साडेअठ्ठावीस कलांच्या आसपास निघतो. नुसत्या डोळ्यांनी आणि दगडी भिंतीवर घेतलेल्या वेधाची चूक अर्ध्या कलेच्या आसपास असावी, याचे कौतुक कोणासही वाटेल. परंपरेने आलेला आकडा प्रत्यक्षाशी जुळत नाही असे दिसताच तो बदलण्याचे धैर्य या पंडितांनी दाखविले, हे त्याहूनही मोठे.

येथपर्यंत मोठ्या साधनाचा विजय झाला, असे म्हणावयास हरकत नाही. परंतु यानंतर जयसिंहाने जो निष्कर्ष काढला, तो तपासून पाहण्यासारखा आहे. युरोपात ज्योतिषाची प्रगती झाल्याचे ऐकून त्याने पाद्री मानुएल द फिगेरेदो यांच्यासमवेत काही माणसे पोर्तुगालला धाडली. 1730 च्या सुमारास ती मंडळी परतली, तेव्हा त्यांच्याबरोबर ला हीर या फ्रेंच ज्योतिषाची कोष्टके आली. जयसिंहाने ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाचा फरक निघाला, आणि ग्रहणाच्या वेळेत 15 पळांचा, म्हणजे सुमारे 6 मिनिटांचा. अर्धा अंश म्हणजे चंद्रबिंबाचीच रुंदी. ही चूक लहान नव्हे. तिचे कारण जयसिंहाने असे लावले की, युरोपात एवढ्या मोठ्या व्यासाची यंत्रे बांधली गेली नाहीत, म्हणून तेथील वेध सत्यापासून ढळले असावेत.

वेध बरोबर होता. चूक खरोखरच सापडली होती. परंतु कारण चुकले होते. ला हीर यांची यंत्रे लहान होती म्हणून चंद्र चुकला नव्हता. पृथ्वी आणि सूर्य या दोहोंच्या आकर्षणामुळे चंद्राची गती मोठी गुंतागुंतीची होते, आणि तिचे गणित तोपर्यंत कोणासच पुरतेपणी साधले नव्हते. ते टोबियास मायर यांच्या 1753 मधील कोष्टकांनी बरेच सुधारले. दोष गणितात होता, व्यासात नव्हता. मनुष्य एकदा एका उपायाने यशस्वी झाला म्हणजे प्रत्येक चुकीचे मूळ त्याला त्याच उपायाच्या अभावात दिसू लागते. जयसिंहासारखा चिकित्सक पुरुषही या मोहातून सुटला नाही. पुढील संशोधकांना तर आणखी एक गोष्ट आढळली. ‘झीज-ए-मुहंमदशाही’तील सूर्य, चंद्र आणि ग्रह यांची कोष्टके मोठ्या अंशी ला हीर यांच्याच कोष्टकांवर बेतलेली आहेत, आणि तीतील ताऱ्यांची यादी उलुघबेगाच्या यादीत कालमानाचा संस्कार करून घेतलेली आहे. पन्नास फुटी यंत्रांना या ग्रंथात वाटा मिळाला, तो मूळ रचनेपेक्षा पडताळ्याचाच अधिक.

मोठ्या यंत्राला आणखीही एक मर्यादा होती, आणि ती काशीच्या गच्चीवर कोणत्याही निरभ्र सकाळी पाहता येते. भिंतीच्या कडेची सावली जवळून न्याहाळली, तर ती रेघेसारखी तुटक नसते. काळोखी आणि उजेड यांच्यामध्ये एक धूसर पट्टा असतो. सूर्य हा बिंदू नाही. त्याचे बिंब सुमारे अर्ध्या अंशाचे आहे, आणि म्हणून सावलीची कडही तेवढीच पसरते. काशीच्या यंत्रावर हा धूसर पट्टा अडीच सेंटिमीटरांच्या आसपास भरतो. जयपूरच्या यंत्रावर तो सुमारे 14 सेंटिमीटर होतो. यंत्र साडेपाचपट मोठे केले, तर सावलीतील संदिग्धपणाही साडेपाचपट मोठा झाला. काळाच्या मापाने दोन्हीकडे तो पट्टा सुमारे दोन मिनिटांचाच राहिला. जाणते वेधकार धूसर पट्ट्यात एक बारीक दोरा किंवा शलाका धरून सावलीची खरी कड हेरतात, आणि मग जयपूरच्या यंत्रावर काही सेकंदांपर्यंत वेळ वाचता येते. परंतु तो गुण वाचणाऱ्याच्या युक्तीचा आहे. केवळ मोठेपणाने तो येत नाही.

रात्री तर सावलीही नसते. तेव्हा तारा पाहावयाचा तो कमानीपाशी डोळा लावून, भिंतीच्या कडेवरून. नुसत्या डोळ्याला एका कलेच्या आसपास अंतर असलेले दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. त्याहून जवळचे असले तर ते एकच भासतात. कमानीवर कलेचे कितीही भाग कोरले, तरी डोळा जे वेगळे पाहू शकत नाही ते पट्टीवर वेगळे दाखविता येणार नाही. मोजपट्टी मोठी झाली होती. पाहणारा डोळा पूर्वीचाच होता.

नेमक्या याच सुमारास दुसरीकडे डोळाच मोठा करण्याचे काम चालू होते. जयपूरची यंत्रे बांधली जात असताना, 1728 मध्ये, इंग्लंडात जेम्स ब्रॅडली याने ताऱ्यांच्या स्थानात वर्षभर होणारे एक अतिसूक्ष्म विचलन शोधून काढले. त्याचे मान अवघे 20 विकलांचे, म्हणजे एका कलेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे होते. पृथ्वी फिरते आणि प्रकाशाला प्रवासास वेळ लागतो, या दोन्ही गोष्टी त्यावरून सिद्ध झाल्या. ब्रॅडलीचे यंत्र राजवाड्यावर उभे नव्हते. लंडनजवळच्या एका साध्या घरात ते टांगलेले होते, आणि त्याची लांबी साडेबारा फूट होती. काशीच्या यंत्राहून ते थोडेच मोठे, आणि जयपूरच्या यंत्राच्या चौथ्या हिश्श्याएवढे. भेद होता तो दुर्बिणीचा, आणि विभाग मोजणाऱ्या सूक्ष्म आटेदार खिळ्याचा. मोजपट्टी ताणण्याऐवजी पाहण्याची शक्ती वाढविली, तर लहान पट्टीही पुरते, हे त्याने दाखविले.

जयसिंहाला दुर्बीण ठाऊक नव्हती असे नाही. त्याच्या ग्रंथात दुर्बिणीतून पाहिलेल्या शुक्राच्या कलांचा, गुरूच्या चार उपग्रहांचा आणि सूर्यावरील डागांचा उल्लेख आहे. परंतु दुर्बीण त्याच्या दृष्टीने नवलाई पाहण्याचे साधन राहिली. अंशपट्टीशी तिची सांगड घातली गेली नाही. युरोपात ही सांगड सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली होती. फिगेरेदो यांच्या प्रवासाची वाट पॅरिस किंवा ग्रिनिचवरून गेली असती, तर काय झाले असते, हा तर्काचा विषय आहे. जयसिंह 1743 मध्ये वारला. पुढे देशात जी धामधूम माजली तीत वेध घेण्याची परंपरा खंडित झाली. मथुरेची वेधशाळा तर पुढे समूळ नाहीशी झाली.

काशीच्या वेधशाळेकडे परदेशी लोकांचे लक्ष मात्र लवकर गेले. रॉबर्ट बार्कर हा इंग्रज सेनाधिकारी 1772 मध्ये मानमंदिरावर चढला आणि दगडावरील विभागांची रेखीवता पाहून चकित झाला. त्याचा वृत्तांत 1777 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. ही वेधशाळा अकबराच्या आज्ञेने बांधली गेली, अशी माहिती त्याला मिळाली होती आणि ती त्याने लिहूनही ठेवली. जयसिंहाच्या मृत्यूला तीस वर्षेही झाली नव्हती, आणि त्याच्याच गच्चीवर त्याचे नाव पुसट झाले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हंटर याने जयसिंहाच्या प्रस्तावनेचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा कर्त्याचे नाव पुन्हा त्याच्या कृतीशी जोडले गेले.

या वेधशाळेच्या कथेत यानंतर पुन्हा एक महाराष्ट्रीय पंडित येतो. बापूदेव शास्त्री 1821 मध्ये जन्मले, आणि 1842 पासून काशीच्या राजकीय संस्कृत पाठशाळेत त्यांनी जवळजवळ अर्धशतक गणित व ज्योतिष शिकविले. सूर्यसिद्धान्ताचे इंग्रजी भाषांतर त्यांनीच केले. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीचे संपादनही त्यांचेच. मानमंदिरातील यंत्रांचे वर्णन करणारी एक पुस्तिका त्यांनी लिहिली, आणि ज्या यंत्रांकडे लोक कुतूहलाने पाहून निघून जात, ती कशी वाचावयाची हे समजावून दिले. वाडवडिलांच्या या वारशाविषयी त्यांच्याइतका आदर क्वचितच कोणाला असेल.

आणि तरीही, जेव्हा काशीत शुद्ध पंचांग काढावयाची वेळ आली, तेव्हा बापूदेवांनी मानमंदिराच्या गच्चीचा आधार घेतला नाही. त्यांनी आपले पंचांग ग्रिनिचच्या दुर्बिणींतील वेधांवर रचलेल्या इंग्रजी नाविक पंचांगावरून काढले. त्यांचे समकालीन केरो लक्ष्मण छत्रे महाराष्ट्रात पटवर्धनी पंचांगाच्या द्वारे हेच करीत होते. तेथे तोवर 1520 मधील ग्रहलाघवावरून गणित होत असे, आणि त्यातील ग्रह आकाशातील ग्रहांपासून दुरावले होते. या नव्या पंचांगांना विरोध झाला. एकादशी कोणत्या दिवशी करावी आणि श्राद्धाची तिथी कोणती धरावी, हे परदेशी बेटावरील दुर्बिणीने ठरवावे काय, असा प्रश्न श्रद्धाळू मनाला पडणे स्वाभाविक होते. परंतु जयसिंहाने चोवीस अंशांच्या जागी तेवीस अंश अठ्ठावीस कला लिहिल्या, तेव्हा त्यानेही हाच प्रश्न सोडविला होता. आकाश आणि ग्रंथ यांत तंटा झाला, तर निकाल आकाशाच्या बाजूने द्यावयाचा, हा त्याचा दंडक. बापूदेवांनी जयसिंहाचे यंत्र सोडले आणि जयसिंहाचा दंडक पाळला. पूर्वजांच्या साधनाचा मान राखावयाचा म्हणजे त्याच साधनाला चिकटून राहावयाचे असे नव्हे, हे त्यांनी कोणताही गाजावाजा न करता आपल्या कृतीने सांगितले.

विसाव्या शतकात या वेधशाळांचे जीर्णोद्धार झाले. काशीची यंत्रे 1911 च्या सुमारास जयपूर संस्थानाच्या पुढाकाराने दुरुस्त झाली, आणि उज्जयिनीच्या वेधशाळेला 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी पुन्हा कामास लावले. जयपूरच्या वेधशाळेची गणना 2010 पासून जागतिक वारशात होते. मानमंदिराच्या वाड्यात 2019 मध्ये एक नवे संग्रहालय उघडण्यात आले. तेथे काशीचे घाट, संगीत आणि कलाकुसर मोठमोठ्या विद्युत् पडद्यांवर दाखविली जाते. ज्या वाड्याच्या माथ्यावर एका राजाने नीट दिसावे म्हणून दगडाचे मोठे फलक उभारले, त्याच वाड्याच्या दालनांत आज प्रकाशाचे मोठे फलक लागले आहेत.

या पडद्यांनाही मानमंदिराचाच नियम लागू पडतो. संगणकाच्या पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. 24 इंची पडद्यावर एका ओळीत 1920 आणि उभ्या 1080, असे वीस लाखांवर ठिपके असतात, आणि एका इंचात सुमारे 92 बसतात. तेवढेच ठिपके 27 इंची पडद्यावर पसरले, तर इंचास सुमारे 82 राहतात. अक्षर मोठे दिसते, दुरून वाचता येते, डोळ्यांचा शीण कमी होतो, आणि हा लाभ खराच आहे. परंतु चित्रात नवे काही दिसू लागत नाही. धूसर पट्टा तेवढा रुंद होतो. त्याच 27 इंची पडद्यावर 2560 बाय 1440 ठिपके असले, तरच इंचास सुमारे 109 बसतात आणि पूर्वी न दिसणारा तपशील उमटतो. आणि मूळ हिशेबच चुकलेला असेल, तर तो कितीही मोठ्या व कितीही सूक्ष्म पडद्यावर चुकलेलाच दिसणार. ला हीर यांचा चंद्र पन्नास फुटी यंत्रावर चुकलेला दिसला तसाच.

म्हणून जयसिंहाचा प्रयत्न वाया गेला असे मात्र कोणी समजू नये. साधन मोठे आणि स्थिर करणे ही पहिली पायरी होती, आणि ती त्याने इतकी निष्ठेने बांधली की तिच्या पलीकडे काय हवे ते इतरांना स्पष्ट दिसू शकले. चूक लपविणारे यंत्र आणि चूक उघडी करणारे यंत्र यांत दुसरेच श्रेष्ठ. मानमंदिराच्या गच्चीवर आजही उन्हाळ्यात, 21 जूनच्या आसपास, माध्यान्हीचा सूर्य 88 अंशांवर येतो आणि हिवाळ्यात, 22 डिसेंबरच्या सुमारास, तो 41 अंशांपर्यंतच चढतो. या दोन टोकांमधील अंतराचा अर्धा म्हणजे साडेतेवीस अंशांच्या आतला तोच कोन, जो जयसिंहाच्या पंडितांनी मोजला होता. खाली घाटावर यात्रेकरू संकल्प सोडत असतात, वर भित्तियंत्रावर सूर्य आपली उंची स्वतः लिहीत असतो; आणि वाचावयास कोणी नसले, तरी तो ती बरोबरच लिहितो.